वाटी बदलली, पण कोणती बसवली ते कागदावर द्या की

आमच्याकडं कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं की पाव्हण्यारावळ्यांत पहिला प्रश्न येतो, इम्पोर्टेड टाकणार का इंडियन. दुसरा, किती लाख. आणि ज्याला थोडं जास्त कळतं असा एखादा भाचा पुण्याहून फोन करून सांगतो की मामा, टायटॅनियमचीच घ्या, बाकी काही ऐकू नका. एवढ्यावर चर्चा संपते, माणूस लातूरला नाहीतर संभाजीनगरला ॲडमिट होतो, वाटी बदलून होते, वॉकर घेऊन घरी येतो, आणि मग त्याला विचारा की आत नेमकं काय बसवलंय, तर उत्तर काय, 'भारीतली आहे म्हणले डॉक्टर'. बस्स. कंपनी माहीत नाही, मटेरियल माहीत नाही, साइझ माहीत नाही, डिस्चार्ज कार्डावर इंग्रजीत एक ओळ, ती पण कार्बन कॉपीत पुसलेली.

माझं म्हणणं एवढंच आहे की ज्याच्या अंगात वस्तू बसवली त्याच्या हातात त्या वस्तूचं नाव, कंपनी, मटेरियल, साइझ आणि लॉट नंबर (एका खेपेत बनलेल्या मालाचा नंबर) मराठीत लिहिलेला कागद पडलाच पाहिजे, मग तो सरकारी योजनेतला पेशंट असो का रोख पैसे भरलेला, आणि तीच नोंद सरकारकडं कायमची राहिली पाहिजे. इम्पोर्टेड-इंडियनच्या भांडणात आपण नको तिथं डोकं लावायलोत.

थोडं मटेरियलचं बोलावं लागंल, नाहीतर ही नुसती कागदाची कटकट वाटंल.

शरीराच्या आत काय असतं, तर सदतीस डिग्रीचं खारं पाणी, त्यात प्रोटीन, ऑक्सिजन, आणि बाहेरची वस्तू दिसली की तिच्यावर तुटून पडणाऱ्या पेशी. धातूसाठी ही जागा वाईट आहे, मिठातला क्लोराइड स्टीलला बारीक बारीक खड्डे पाडतो. घरातलं चांगलं भांडं ३०४ ग्रेडचं असतं, स्वस्तातलं २०२ चं. मोडलेल्या हाडाला जी प्लेट टाकतात ती स्टीलची असली तर ३१६ एल, आणि त्यात मुद्दाम दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम घातलेलं असतं कारण ते नसलं तर क्लोराइडपुढं स्टीलचा टिकाव लागत नाही. 'एल' म्हणजे कार्बन कमी. सगळा खेळ पृष्ठभागावरच्या क्रोमियम ऑक्साइडच्या थराचा आहे, जो काही नॅनोमीटर जाड असतो, खरवडला तर पुन्हा तयार होतो. पण स्क्रूचं डोकं प्लेटला जिथं घासतं त्या फटीत ऑक्सिजन पोचत नाही आणि घासणं तर चालूच राहतं, तिथं थर पुन्हा पुन्हा जातो आणि गंज धरतो. वर ह्या स्टीलमध्ये निकेल तेरा-चौदा टक्के. बेंटेक्सचे कानातले घातले की ज्या बायकांचे कान चिघळतात त्यांना बहुतेक वेळा निकेलच सोसत नसतं. अशा बाईला प्लेट टाकायच्या आधी कुणी विचारतं का की मावशी, खोटे दागिने चालतात का तुम्हाला? क्वचित.

टायटॅनियमची गोष्ट वेगळी. स्वीडनच्या ब्रॅनेमार्क नावाच्या संशोधकानं १९५२ च्या सुमारास सशाच्या हाडात रक्ताभिसरण बघायला टायटॅनियमची नळी बसवली होती, काम झाल्यावर काढायला गेला तर ती निघंना, हाड तिला चिकटून वाढलेलं. आज दाताचे जे इम्प्लांट सगळीकडं बसवतात त्याचं मूळ तिथं आहे. शिवाय टायटॅनियम स्टीलपेक्षा लवचिक आहे, स्टीलचा कडकपणा १९०-२०० गिगापास्कल, टायटॅनियमच्या मिश्रधातूचा ११० च्या आसपास, आणि आपल्या टणक हाडाचा साधारण १५ ते २०. हे आकडे महत्त्वाचे ह्यासाठी की शेजारी फार कडक वस्तू असली की सगळा भार तीच उचलते, हाडाला काम राहत नाही, आणि काम नसलेलं हाड विरळ होत जातं.

मग भाचा बरोबरच म्हणत होता की, असं वाटंल. नाही. टायटॅनियमला घासणं सहन होत नाही. घासलं की त्याचा काळा भुगा पडतो. म्हणून नेहमीच्या गुडघ्यात मांडीच्या हाडाकडचा, घासणारा भाग कोबाल्ट-क्रोमचा असतो, खालच्या हाडात बसणारा ट्रे बऱ्याचदा टायटॅनियमचा, आणि दोघांच्या मधी पॉलिइथिलीन म्हणजे प्लास्टिकची चकती. एका 'वाटी'त तीन मटेरियल, तीन कामं, आणि जोडायला हाडाचं सिमेंट म्हणजे ॲक्रिलिक, ते धरलं तर चार. 'कशाची आहे' ह्याचं एका शब्दात उत्तरच नाही. सरकारनं ऑगस्ट २०१७ मध्ये गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमती बांधल्या तेव्हा कोबाल्ट-क्रोमला ५४,७२० आणि टायटॅनियम किंवा ऑक्सिडाइज्ड झिर्कोनियमसारख्या खास धातूला ७६,६०० अशी कमाल किंमत लावली (जीएसटी वेगळा). ती यादी बघून लोकांनी अर्थ काढला की महाग ते चांगलं. निकेल सोसत नसलेल्या पेशंटला दुसरा धातू लागू शकतो हे खरं, पण सगळ्यांना नाही.

गुडघा काय, खुबा काय, त्याचं आयुष्य बहुतेक वेळा ठरतं ते धातूवर नाही, प्लास्टिकवर. इंग्लंडच्या चार्नली नावाच्या सर्जननं आधी खुब्याच्या वाटीला टेफ्लॉन वापरलं, भांड्याला लावतात तेच, काही वर्षांत ते झिजून गेलं आणि त्याच्या भुग्यानं आतलं सगळं बिघडवलं, पुन्हा ऑपरेशनं करावी लागली, आणि मग १९६२ पासून तो पॉलिइथिलीनवर आला जे आज सुधारून सुधारून वापरात आहे. टेफ्लॉन काही विषारी नव्हतं. अखंड तुकडा अंगात ठेवला तर शरीर गप्प बसतं, त्याचाच बारीक भुगा झाला की पेशी तो गिळायला जातात, पचवता येत नाही, चिडतात, आणि त्या भांडणात शेजारचं हाड खाल्लं जातं आणि बसवलेली वस्तू ढिली होते. पॉलिइथिलीनचं पण तेच, फक्त झीज कमी. म्हणून एखादं मटेरियल 'शरीराला चालतं' ह्या वाक्याला तसा अर्थ नाही, कुठल्या आकारात, कुठल्या जागी, किती वर्षं, हे विचारलं तरच उत्तर मिळतं. ह्या प्लास्टिकची आणखी एक गंमत, पूर्वी ते हवा असलेल्या पाकिटात गॅमा किरणांनी निर्जंतुक करायचे, त्यानं ते पाकिटात पडल्या पडल्या ऑक्सिडेशननं ठिसूळ व्हायचं. आता हवा काढून किंवा नायट्रोजनसारखा वायू भरून पॅक करतात. म्हणजे चकतीचं पाकीट कसं होतं, कधीचं होतं, एक्स्पायरी काय होती, ह्याचा संबंध पेशंटच्या पुढच्या पंधरा वर्षांशी आहे. आणि ते पाकीट ओटीतल्या (ऑपरेशन थिएटरमधल्या) कचऱ्याच्या डब्यात जातं.

आता इम्पोर्टेडची बात. जॉन्सन अँड जॉन्सनच्या डेप्यू कंपनीचा एएसआर नावाचा खुबा होता, धातूवर धातू घासणारा, प्लास्टिकची झीज नको म्हणून केलेला. पूर्ण इम्पोर्टेड. त्यातून कोबाल्ट आणि क्रोमियम रक्तात उतरायला लागलं, लोकांच्या खुब्याभोवतीचं मांस खराब झालं, आणि ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीनं जगभरातून तो माघारी बोलावला. भारतात साधारण ४,७०० ऑपरेशनं झाली होती. पुढं केंद्र सरकारनं समिती नेमली, ३० लाखापासून सव्वा कोटीच्या जवळपास भरपाईचं सूत्र ठरवलं, पण पैसे द्यायचे कुणाला? हजारो पेशंटचा ठावठिकाणाच सापडंना. अन् ऑस्ट्रेलियात हाच खुबा आधी पकडला गेला, डिसेंबर २००९ लाच तिथल्या बाजारातून काढला, कारण त्यांच्याकडं १९९९ पासून बदललेल्या सांध्यांचं रजिस्टर आहे, कुठला मॉडेल किती लवकर पुन्हा काढावा लागतोय ते आकड्यांत दिसतं. स्वीडननं गुडघ्याचं रजिस्टर १९७५ ला सुरू केलं. आपल्याकडं सर्जन लोकांच्या संघटनेचं एक रजिस्टर आहे, पण ते ऐच्छिक, ज्याला भरायचं तो भरतो.

फ्रान्सच्या पीआयपी कंपनीचं प्रकरण पण असंच. छातीत बसवायच्या सिलिकॉनच्या पिशव्या, युरोपचा शिक्का असलेल्या, आणि आत भरलेलं सिलिकॉन मेडिकल ग्रेडचं नाही तर कारखान्यात वापरायचं. २०१० ला उघडकीस आलं, मालकाला शिक्षा झाली. मटेरियलचं नाव बरोबर, ग्रेड खोटा. आणि आपल्या देशी बाजूला बघा, तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन आणि त्यांच्या टीमनं हृदयाची झडप तयार केली, आधीची मॉडेलं फसली, मटेरियल बदलत बदलत शेवटी कोबाल्ट-क्रोमची चौकट आणि पॉलिइथिलीनची चकती ह्यावर आले, डिसेंबर १९९० मध्ये पहिली माणसात बसवली, आणि आजवर लाखाच्या वर लोकांना बसलीय, परदेशीच्या काही अंशाच्या किमतीत. त्यामुळं कुठल्या देशातून आलं ह्याच्यावरून काही ठरत नाही. ठरतं ते नोंदीवरून, आणि नोंद म्हणाल तर आपल्याकडं बोंब.

मराठवाड्याचा माणूस म्हणून मला ह्यात आणखी एक खुपतं. गुडघ्याचे इम्प्लांट मशीनवर तपासतात तेव्हा मशीन त्याला सपाट जमिनीवरच्या चालीसारखं हलवतं, लाखो वेळा, दहा लाख पावलं म्हणजे साधारण एक वर्ष असा हिशोब. आता बीड, केज, धारूरकडची ऊसतोड करणारी बाई घ्या. कोयत्यानं वाकून तोडायचं, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढायचं, उकिडवं बसून भाकरी थापायची, मांडी घालून जेवायचं. डॉक्टर सांगतात मांडी घालू नका, खाली बसू नका, कमोड घ्या. बरोबरच सांगतात, पण कमोड घेणार कुठं, ऊसतोडीच्या झोपडीत, कोपीत? तिच्या गुडघ्यात बसवलेली चकती किती वर्षं टिकते ह्याचा जगात कुणाकडं आकडा नाही, कारण अशा आयुष्यावर ती कुणी मोजलेलीच नाही. स्वीडनचं रजिस्टर इथं कामाला येणार नाही. तो आकडा आपल्याच माणसांच्या नोंदीतून निघंल, आणि योजनेत एवढी ऑपरेशनं होत असताना आपण तो फुकट घालवायलोत.

आता कागदाकडं येऊ. कायदा अगदीच नाहीये असं नाही. मेडिकल डिव्हाइसेस रूल्स २०१७ नुसार इम्प्लांटच्या लेबलवर लॉट नंबर, एक्स्पायरी, लायसन्स नंबर पाहिजेच. हृदयाच्या नळीतला स्टेंट आणि गुडघा ह्यांच्या किमती बांधल्या त्या आदेशात दवाखान्यानं बिलावर ब्रँड, कंपनी, बॅच नंबर वेगळा दाखवायचा असं आहे. चांगलं आहे. पण बिल मिळतं कुणाला? ज्यानं पैसे भरले त्याला. महात्मा फुले योजनेतून ज्याचं फुकट झालं त्याला बिलच नाही, तो कॅशलेस. त्याच्या इम्प्लांटचं बारकोडचं स्टिकर क्लेमच्या फायलीला लागतं, अपलोड होतं, पैसे मंजूर होतात. म्हणजे सरकारला पैसे द्यायच्या वेळी ती माहिती पाहिजे असते, पण ज्याच्या मांडीत ती वस्तू आहे त्याला द्यायचं कुणाच्या डोक्यात येत नाही. आणि सीलबंद पाकिटातल्या इम्प्लांटबरोबर चार-पाच स्टिकर येतातच, त्यातलं एक पेशंटच्या रेकॉर्डसाठी म्हणूनच असतं. ते त्याच्या कार्डावर चिकटवायला खर्च किती? शून्य रुपये.

सोयाबीन पेरताना कृषी खातं दर जूनला ओरडून सांगतं की पिशवी, टॅग आणि पावती जपून ठेवा, उगवलं नाही तर लॉट नंबरशिवाय तक्रार घेणार नाही. आणि आपला शेतकरी ठेवतो जपून, कपाटात, २०२० ला बियाणं उगवलं नाही तेव्हा ज्यांनी ठेवलं त्यांनाच बोलायला तोंड होतं. तीस किलोच्या पिशवीचा लॉट नंबर घरात आहे आणि मांडीतल्या वस्तूचा नाही.

काही डॉक्टर मित्र म्हणतात, पेशंटला काय कळतंय त्यातलं, उगाच गुगल करून भांडायला येतील. पेशंटला कळायची गरजच नाही हो. पुढच्या डॉक्टरला कळायला पाहिजे. समजा बारा वर्षांनी चकती झिजली, धातूचे भाग घट्ट आहेत, तर नुसती चकती बदलून भागू शकतं, ऑपरेशन लहान, खर्च कमी. पण एका कंपनीची चकती दुसरीच्या ट्रेमध्ये बसत नाही, साइझचा तर प्रश्नच वेगळा. कंपनी माहीत नसली तर एक्स-रेवरून अंदाज बांधायचा, आणि अंदाज चुकला तर घट्ट बसलेलं सगळं उखडून नवीन टाकायचं, त्यात हाड जातं. प्लेट काढायचं पण तसंच, स्क्रूच्या डोक्याला षटकोनी खाच आहे का चांदणीची, कुठल्या मापाचा ड्रायव्हर लागणार, हे आधी माहीत नसलं तर टेबलावर पेशंट झोपलेला आणि बाहेर धावपळ. डोकं घसरलं की ड्रिल लावायचं. आणि एमआरआयचं तर सगळ्यांनी बघितलंय, टेक्निशियन विचारतो आत कुठला धातू आहे, नातेवाईक एकमेकांच्या तोंडाकडं बघतात, मग 'आधी ऑपरेशन केलेल्या डॉक्टरकडून लिहून आणा' म्हणून परत. ३१६ एल काय, टायटॅनियम काय, बहुतेक वेळा एमआरआय होऊ शकतो, पण लिहून कुणी दिलेलं नसतं म्हणून घाबरून टाळतात.

दुसरी हरकत जास्त खरी आहे, आणि ती मला ओटीत काम केलेल्या एकानंच सांगितली. स्टिकरची गोष्ट वाटी, स्टेंट, डोळ्यातली लेन्स ह्यांना ठीक. पण आपल्याकडं सगळ्यात जास्त काय होतं, मोटरसायकलचे ॲक्सिडेंट, मग प्लेट-स्क्रू आणि रॉड. ते बऱ्याचदा सीलबंद येतच नाहीत, व्हेंडरचा माणूस अख्खा सेट घेऊन येतो, स्टीलच्या पेटीत ओळीनं स्क्रू, ते दवाखान्यात ऑटोक्लेव्ह होतात म्हणजे वाफेनं निर्जंतुक करतात, जेवढे वापरले तेवढ्याचं बिल, आणि रिकाम्या भोकांत नवीन स्क्रू भरून पेटी पुढच्या गावाला. कुठला स्क्रू कुठल्या लॉटचा हे दोन-चार फेऱ्यांनंतर देवालाच माहीत. दोन कंपन्यांचं सामान एका पेटीत मिसळलं तरी कळणार नाही. प्लेटवर लेझरनं नंबर कोरलेला असतो तो निदान लिहून घेता येतो, स्क्रूचं काय? ह्याला माझ्याकडं सोपं उत्तर नाही. योजनेत पैसे देतानाच सीलबंद, लॉट असलेलंच सामान चालंल असा नियम केला तर महाग पडंल, पॅकेजचे दर वाढवावे लागतील, आणि दर न वाढवता नियम केला तर छोटे दवाखाने ॲक्सिडेंटचे पेशंट सरकारी दवाखान्यात, संभाजीनगरच्या घाटीला नाहीतर अंबाजोगाईला पाठवून मोकळे होतील, तिथं आधीच कॉट मिळत नाही. म्हणून सुरुवात सीलबंद येणाऱ्या वस्तूंपासून करा, प्लेटवरचा नंबर ऑपरेशन नोटमध्ये लिहिणं सक्तीचं करा, स्क्रूचं नंतर बघू. सगळं एकदम होत नाही म्हणून काहीच करायचं नाही, हे मला पटत नाही.

किंमत बांधली ते चांगलंच झालं, मी त्याच्या विरोधात नाही. औषध लावलेला स्टेंट २९,६०० वर आणला तेव्हा कित्येक घरं कर्जातून वाचली. पण किंमत बांधून सरकार मोकळं झालं. ज्या यंत्रणेनं तक्रारी गोळा करायच्या ती मटेरिओव्हिजिलन्स नावाची योजना २०१५ पासून आहे, गाझियाबादहून चालते, आणि परळीच्या माणसाच्या मांडीत प्लेट तुटली तर ती तुटलेली प्लेट तपासायला कुणीतरी कुठंतरी पाठवायची असते हे त्याला तर सोडाच, बऱ्याच दवाखान्यांना पण सवयीचं नाही. प्लेट तुटली की दोष कायम पेशंटचा, 'लवकर चालायला लागलास म्हणून'. बऱ्याचदा ते खरंही असतं, प्लेट जन्मभर भार घ्यायला केलेलीच नसते, हाड जुळेपर्यंत तग धरायची तिची जबाबदारी, हाड जुळायला उशीर झाला की धातू वाकून वाकून थकतो आणि तुटतो. पण कधी धातूच खराब असू शकतो की नाही? तपासल्याशिवाय कसं म्हणणार, आणि लॉट माहीत नसताना तपासून तरी काय करणार, त्याच लॉटच्या बाकीच्या प्लेटा कुणाच्या पायात आहेत हे कुठं लिहिलंय?

हे सगळं होईल तेव्हा होईल, तोवर एक गोष्ट आजच करता येते. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणं ॲडमिट पेशंटचं रेकॉर्ड डॉक्टरला तीन वर्षं ठेवावं लागतं आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यावं लागतं. तीन वर्षं. गुडघा टिकणार पंधरा-वीस. म्हणजे चौथ्या वर्षी फाईल रद्दीत गेली तरी नियमानं कुणी चुकलेलं नसंल. त्यामुळं घरात कुणाचं गेल्या दोन-अडीच वर्षांत काही बसवून झालं असंल तर साध्या कागदावर अर्ज करा, ऑपरेशन नोट आणि इम्प्लांटच्या स्टिकरची कॉपी द्या म्हणून, पोच घ्या, फोटो काढून घरातल्या दोन-तीन जणांच्या मोबाईलवर ठेवा. योजनेतून झालं असंल तर आरोग्यमित्राला, म्हणजे दवाखान्यात बसणाऱ्या योजनेच्या माणसाला विचारा, क्लेमच्या फायलीत ते स्टिकर असतं, नाही म्हणला तर लेखी मागा.